मिरचीचा आकडा कुठून आला?

गेल्या हिवाळ्यात वाणिज्य शाखेच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रकल्प माझ्याकडे तपासायला आला. विषय होता भिवापुरी मिरचीचा व्यापार. मुलगा नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूर तालुक्यातलाच. घरी कोरडवाहू शेती, आई हंगामात सातऱ्यावर, म्हणजे मिरची उन्हात पसरतात त्या मोकळ्या जागेवर, मिरचीचे देठ खुडायला जाणारी. दुसऱ्या प्रकरणात त्यानं तालुक्यातल्या मिरचीखालच्या क्षेत्राचे दोन आकडे दिले होते, पूर्वीचा हजारांत आणि आताचा शेकड्यांत. खाली संदर्भ म्हणून एका शोधप्रबंधाचं नाव होतं. तो प्रबंध शोधगंगा या संगणकीय प्रबंधसंग्रहात सापडला. तिथेही तेच दोन आकडे होते, आणि संदर्भ एका दैनिकातल्या बातमीचा. बातमीचं कात्रणही मिळालं. त्यात लिहिलं होतं, 'जाणकारांच्या मते'.

वाट तिथे संपली. ते जाणकार कोण, त्यांनी कुठल्या वर्षाबद्दल सांगितलं, क्षेत्र एकरांत की हेक्टरांत, यातलं काहीच कळायला मार्ग नव्हता. मुलाला विचारलं तर म्हणाला, "सर, पण पीएच.डी.मध्ये आहे नं ते." आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही, खराही असेल. पण तीन ठिकाणी छापून आल्यामुळे तो तीनदा सिद्ध झाला असं त्या मुलाला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात तो एकदाही सिद्ध झालेला नव्हता. वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेतल्या संशोधनात साधनं कशी शोधली जातात आणि त्यांचे दाखले कसे दिले जातात, याचा विचार मी तेव्हापासून या मिरचीच्या आकड्यावरूनच करत आलो आहे.

हा दोष एकट्या भिवापूरचा नाही. कॅलिफोर्नियातल्या मिखाईल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ च्या सुमारास एक साधी गोष्ट तपासली. संदर्भसूचीतल्या छपाईच्या चुका, म्हणजे चुकलेला खंड क्रमांक किंवा पृष्ठ क्रमांक, जशाच्या तशा किती लेखांत उतरतात? एकच चूक अनेकांच्या सूचीत दिसली, तर त्या सर्वांनी मूळ लेख न उघडता दुसऱ्याची सूची उतरवली असणार. या हिशेबानं दाखला देणाऱ्यांपैकी सुमारे वीस टक्केच मूळ लेख वाचतात, असा त्यांचा अंदाज निघाला.

आमच्या शाखेतलं उदाहरण तर प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर असतं. मॅस्लोच्या गरजांचा पिरॅमिड आणि त्याखाली 'मॅस्लो, १९४३'. अब्राहम मॅस्लो यांनी त्या वर्षीच्या लेखात गरजांची उतरंड मांडली हे खरं, पण त्या लेखात पिरॅमिड नाहीच. ब्रिजमन, कमिंग्ज आणि बॅलार्ड या तिघांनी २०१९ मध्ये या चित्राचा माग काढला, तेव्हा ते चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या सल्लागार मानसशास्त्रज्ञाच्या १९६० सालच्या, 'बिझनेस होरायझन्स' मधल्या लेखापर्यंत जाऊन पोहोचले. मूळ लेख उघडून पाहायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास न दिल्यामुळे कितीतरी पाठ्यपुस्तकांनी चित्र एकाचं आणि नाव दुसऱ्याचं लावलं. मीही अनेक वर्षं तसंच शिकवलं.

आता शोधण्याकडे येतो, कारण चुकीच्या दाखल्याची सुरुवात बहुतेक वेळा अपुऱ्या शोधात असते. भिवापूरचंच नाव घ्या. इंग्रजीत लिहिताना कुणी मधल्या 'व' साठी व्ही वापरतं, कुणी डब्ल्यू. मिरचीच्या इंग्रजी शब्दाची स्पेलिंगं तीन-चार. एकच स्पेलिंग टाकून शोधणाऱ्याला अर्धी सामग्री दिसतच नाही. 'भिवापुरी' लिहिताना एक काना राहिला तर शोधयंत्र थेट कर्जतजवळच्या भिवपुरीला नेऊन सोडतं. हे सांभाळलं तरी पुढे तालुक्याच्या हद्दीचा पेच आहे. भिवापूर पूर्वी उमरेड तालुक्यात होतं. जुन्या जनगणनेत आणि पीक अहवालांत भिवापूर तालुका शोधणाऱ्याला तो सापडत नाही, कारण ते आकडे उमरेडच्या पोटात आहेत. मग 'जुनी माहिती उपलब्ध नाही' असं वाक्य प्रकल्पात येतं. माहिती असते, फक्त दुसऱ्या नावाखाली. आणि जो उमरेडचा जुना आकडा उचलून भिवापूरच्या नव्या आकड्यासमोर ठेवतो, तो नकळत घसरण स्वतःच तयार करतो.

तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला आज काय काय मिळतं? दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मानानं पुष्कळ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणं बंधनकारक केलं आणि त्यातून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची शोधगंगा उभी राहिली. कपाटांत कुलूपबंद असलेले प्रबंध घरबसल्या वाचता येऊ लागले. महाविद्यालयांसाठी त्याच संस्थेची एन-लिस्ट ही ई-साहित्याची योजना आहे. महाविद्यालयानं वर्गणी भरली असेल तर विद्यार्थ्याला स्वतःचं खातं मिळतं. किती विद्यार्थ्यांनी ते उघडलेलं असतं हे ग्रंथपालांना विचारावं. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिकं आली. पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालच्या सुमारे ६,३०० संस्थांसाठी आहे. ग्रामीण महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालयं खासगी शिक्षणसंस्थांनी काढलेली. त्यांचा विद्यार्थी या दाराबाहेर राहतो, हे मला मोठं दुखणं वाटतं.

असं असलं तरी मिरचीच्या व्यापारावर लिहिणाऱ्याचं फारसं अडत नाही, कारण त्याची महत्त्वाची साधनं परदेशी नियतकालिकांत नाहीतच. ती सरकारी दप्तरांत आहेत. आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेलं नागपूर जिल्ह्याचं १९०८ सालचं गॅझेटियर आणि राज्य शासनाचं १९६६ चं गॅझेटियर, दोन्ही मोफत वाचायला मिळतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं जुने अहवाल आणि पुस्तकं मोठ्या संख्येनं संगणकावर आणून खुली केली आहेत. ज्यांचं नाव या ग्रंथालयाला आहे ते गाडगीळ नागपुरात वाढलेले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचं त्यांचं १९२४ सालचं पुस्तक जनगणना, गॅझेटियरं आणि समित्यांचे अहवाल अशाच सामग्रीतून उभं राहिलं. रुक्ष सरकारी अहवालातून अर्थव्यवस्थेचा जिवंत इतिहास कसा काढायचा हे ज्याला शिकायचं आहे, त्यानं त्या पुस्तकाच्या तळटीपा वाचाव्यात.

बाजारभावांसाठी ॲगमार्कनेट आहे, २००० सालापासून. ते चालवणाऱ्या विपणन व निरीक्षण संचालनालयाचं शाखा मुख्यालय नागपुरातच आहे. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव येतात. विद्यार्थी इथून तक्ते उचलतात आणि इथेच सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा थांबतो.

पणन मंडळाच्या तक्त्यात रकाने असतात: शेतमाल, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. विद्यार्थी 'सर्वसाधारण दर' ला सरासरी म्हणतो आणि त्यावरून वर्षाची सरासरी काढतो. तो दर सरासरी नसतो. त्या दिवशी ज्या भावानं जास्तीत जास्त माल गेला तो तो भाव. दोन पोती फार चढ्या भावानं गेली तर सरासरी हलेल, सर्वसाधारण दर हलणार नाही. दुसरं, शेतमालाच्या रकान्यात 'मिरची (लाल)' आणि 'मिरची (हिरवी)' वेगळ्या असतात. दोन्हींची आवक एकत्र केलेला तक्ता मी पाहिला आहे, त्यात वाळलेला माल आणि ओला माल एकाच क्विंटलात मोजला होता. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जातीच्या रकान्यात पुष्कळदा फक्त 'लोकल' असतं. लोकल म्हणजे भिवापुरी असं तक्ता कुठेही म्हणत नाही. या भागातल्या सातऱ्यांवर आंध्र-तेलंगणातून आलेली मिरचीही खुडली जाते. त्यामुळे भिवापूरच्या बाजारात आलेली मिरची आणि भिवापुरी मिरची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवकेचा आकडा उत्पादनाच्या जागी लावला की सगळा प्रकल्प पायापासून तिरका होतो, आणि दाखला तर अगदी बरोबर दिलेला असतो: संकेतस्थळ, दिनांक, सगळं. दाखला बिनचूक असून विधान चुकीचं असू शकतं, हे विद्यार्थ्याला पटवून द्यायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो.

क्षेत्राच्या आकड्यासाठी तलाठ्याकडचा गाव नमुना बारा आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या शेतातलं पीक मोबाइलवरून नोंदवू लागला. तिथेही मिरची ही मिरची म्हणूनच नोंदली जाते, वाणावरून भिवापुरी निवडता येत नाही. म्हणजे ज्या एका आकड्यावर सगळे प्रबंध उभे आहेत, तो देऊ शकेल असं सरळ दप्तर नाही. मग प्रामाणिक संशोधकानं काय करावं? मिरचीखालचं एकूण क्षेत्र द्यावं, त्याला एकूणच म्हणावं, आणि भिवापुरीचा वाटा किती असावा याचा अंदाज कोणाकोणाला विचारून बांधला ते सांगावं. प्रकल्पाचं पान जरा कमी ठसठशीत दिसेल. पण त्या पानावर वाचणाऱ्याला उभं राहता येईल.

भिवापूरकडे मात्र दाखल्यांचं एक असं उदाहरण आहे, की ते वर्गात शिकवायला हवं आणि शिकवलं जात नाही. भिवापुरी मिरचीला २०१६-१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. १९९९ च्या कायद्याखालचं हे मानांकन चेन्नईच्या नोंदणी कार्यालयातून मिळतं, आणि त्यासाठीचा अर्ज ही खरं तर संदर्भ देण्याची कडक परीक्षा असते. मालाचं वर्णन, प्रदेशाचा नकाशा, उत्पादनाची पद्धत, वेगळेपण, तपासणीची व्यवस्था हे सगळं द्यावं लागतंच, पण त्यात एक स्वतंत्र कलम उगमाच्या पुराव्याचं असतं. हा माल याच भागात पिकत आला आहे, हे कशावरून? 'आमच्या आजोबांच्या काळापासून' एवढं म्हणून भागत नाही. जुनं गॅझेटियर, बाजाराची दप्तरं, प्रयोगशाळेचे अहवाल, छापील उल्लेख लागतात. अर्ज नियतपत्रिकेत प्रसिद्ध होतो आणि तीन महिन्यांच्या मुदतीत कोणालाही हरकत घेता येते. म्हणजे दिलेला प्रत्येक दाखला कोणीतरी उघडून पाहील, या हिशेबानंच तो द्यावा लागतो. आमच्या प्रबंधांना ही हरकतीची मुदत असती तर किती टिकले असते, असा विचार मनात येतो आणि अस्वस्थ करतो.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यानं एकदा हा सगळा प्रवास, अर्जापासून नियतपत्रिकेपर्यंत, कागद हातात घेऊन पाहावा. तळटीप ही परीक्षकाला खूश करण्यासाठी नसते, तिच्यावर शेतकऱ्याच्या मालाचा हक्क उभा राहू शकतो, हे त्याला दुसऱ्या कशानंही इतकं कळणार नाही.

दाखला लिहिण्याच्या पद्धतींबद्दल मी थोडक्यातच सांगतो, कारण त्यांच्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ जातो. कंसात नाव आणि साल देण्याची रीत एडवर्ड मार्क या हार्वर्ड विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ सालच्या लेखापासून मोजली जाते आणि म्हणून तिला हार्वर्ड पद्धत म्हणतात. आपल्याकडे आता ए.पी.ए. पद्धत चालते, तिची सातवी आवृत्ती २०१९ ची. स्वल्पविराम कुठे आणि तिरपा टाइप कुठे यावर गुण कापले जातात. मराठी साधनांचे खरे प्रश्न मात्र या नियमपुस्तिका सोडवत नाहीत. जुन्या मराठी पुस्तकावर शके असतं, त्यात ७८ मिळवून सन लिहावा लागतो. शके १८४५ म्हणजे १९२३, आणि पुस्तक पौषाच्या उत्तरार्धातलं किंवा माघ-फाल्गुनातलं असेल तर १९२४. वृत्तपत्राचा दाखला देताना आवृत्ती लिहिली नाही तर तो निरुपयोगी होतो. एकाच दैनिकाच्या त्याच तारखेच्या नागपूर शहर आवृत्तीत आणि ग्रामीण पानांत वेगवेगळ्या बातम्या असतात. भिवापूरच्या मिरचीची बातमी शहराच्या अंकात शोधून न मिळाल्यामुळे 'दाखला खोटा' असा शेरा मारला गेल्याचं मी पाहिलं आहे. ती बातमी होती, ग्रामीण पानावर.

आणि सातऱ्यावरच्या बायांचं काय? उन्हात पसरलेल्या लाल ढिगाभोवती बसून देठ खुडताना त्यांची बोटं आगतात, डोळ्यांना पाणी येतं, पण हातात आलेली मिरची कुठली ते त्या न थांबता सांगतात. कोणत्या सालापासून बाहेरचा माल वाढला, मजुरी कशी मोजली जाते, कोणत्या मिरचीचं बी घरी राखायचे आणि ते का सुटलं, हे त्यांना जेवढं माहीत आहे तेवढं कुठल्याही नियतकालिकात नाही. ए.पी.ए.च्या नियमानुसार अशी प्रत्यक्ष भेटीतली माहिती संदर्भसूचीत जात नाही. मजकुरात कंसात नाव, 'वैयक्तिक संवाद' आणि तारीख एवढंच लिहायचं. परिणाम असा की विद्यार्थी ज्या बाईकडून शिकला तिचं सूचीत नावनिशाण नसतं, आणि जे पुस्तक त्यानं उघडलंही नाही ते पहिल्या ओळीत असतं. कॅनडात लोरिसिया मॅक्लाउड या ग्रंथपाल महिलेनं २०२१ मध्ये मूलनिवासी ज्येष्ठांकडून मिळालेल्या ज्ञानाचा रीतसर दाखला देण्याचे नमुने तयार केले, कारण तिथेही हाच अन्याय होत होता.

आपल्याला हे बाहेरून शिकायची गरज नव्हती. विदर्भाच्या मातीतलंच उदाहरण आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या, त्यातून लीळाचरित्र झालं. पुढे मूळ पोथी धाडीत गेली आणि ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा करावा लागला. तेव्हा महानुभावांनी मतभेद पुसून एकच गुळगुळीत मजकूर केला नाही. कोणाच्या आठवणीतला पाठ कोणता, ते नावानिशी नोंदवलं. हिराइसेचा पाठ म्हणून एका स्त्रीची आठवण सातशे वर्षं तिच्या नावानं टिकली. मुलाखतीचा दाखला यापेक्षा चांगला कसा देतात, मला माहीत नाही.

दाखला न देता दुसऱ्याचं वापरणं म्हणजे वाङ्मयचौर्य, आणि त्याविषयीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २०१८ चे. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, चाळीसपर्यंत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, साठपर्यंत वर्षभर बंदी, त्यावर नोंदणी रद्द. नियमांनी एक धाक निर्माण केला हे चांगलंच झालं. पण त्यातून एक वाईट सवयही लागली. विद्यार्थी टक्के कमी करण्यासाठी शब्द बदलतो आणि दाखला गाळतो. मूळ वाक्य अवतरणचिन्हांत, नावासकट ठेवणं प्रामाणिक होतं. शब्द फिरवून नाव काढून टाकणं ही खरी चोरी, आणि साम्य तपासणाऱ्या यंत्राला ती दिसत नाही. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य साम्य धरू नये असं नियम म्हणतात. हे माप इंग्रजीच्या अंगाचं आहे. मराठीत विभक्ती शब्दालाच चिकटतात, त्यामुळे चौदा शब्दांत आपलं अख्खं विधान बसतं. मराठी प्रबंधांसाठी याचा वेगळा विचार व्हायला हवा होता.

नियतकालिकांच्या दर्जाचा प्रश्न असाच अर्धवट राहिला. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांना आवर घालण्यासाठी आयोगानं २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली. त्याआधी २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी लेख छापण्याची सक्ती काढली होती. तो निर्णय मला योग्य वाटतो. सक्तीमुळेच तो बाजार फुगला होता. यादी गेल्यावर मात्र मार्गदर्शकाला स्वतः नियतकालिक उघडून, संपादक मंडळ पाहून, दोन-चार लेख वाचून ठरवावं लागतं. ज्यांना ते जमतं त्यांना यादी लागत नव्हती, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी अजून कुठे काही शिकवलं जात नाही.

आता नवं संकट आहे ते न लिहिलेल्या लेखांच्या दाखल्यांचं. चॅटजीपीटीला मिरचीच्या विपणनावरचे दहा संदर्भ मागितले की ते लेखक, साल, खंड, पानं यांसकट मिळतात. विल्यम वॉल्टर्स आणि एस्थर वाइल्डर यांनी २०२३ मध्ये तपासलं, तेव्हा जुन्या आवृत्तीनं दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि तेव्हाच्या नव्या आवृत्तीच्या संदर्भांपैकी १८ टक्के अस्तित्वातच नव्हते. यंत्रं सुधारतील. पण भिवापूरसारख्या विषयावर, जिथे मुळात छापील साहित्य थोडं, तिथे पोकळी भरायला यंत्राला सर्वांत जास्त वाव मिळतो. मी आता तोंडी परीक्षेत सूचीतला कुठलाही एक संदर्भ निवडतो आणि विद्यार्थ्याला तो माझ्यासमोर उघडायला सांगतो. विद्यार्थ्यानंही संशोधकाकडे मूळ तक्ता मागायला लाजू नये. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या गाजलेल्या लेखातली एक्सेलची चूक २०१३ मध्ये उघड झाली ती थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यामुळे. त्यानं त्यांच्याकडे मूळ फाइल मागितली होती आणि त्यांनी ती दिली होती.

त्या मुलानं प्रकल्प परत नेला. क्षेत्राचे दोन्ही आकडे त्यानं काढले. बाजार समितीत तीन फेऱ्या मारून लाल मिरचीच्या आवकेची नोंद उतरवून घेतली आणि तक्त्याखाली लिहिलं की यात बाहेरचा माल वेगळा करता येत नाही. शेवटी त्यानं एक परिशिष्ट जोडलं. त्यातली चौथी नोंद अशी होती: 'मुलाखत क्र. ४. मिरची सातरा, भिवापूर. देठ खुडणारी मजूर, बावीस हंगामांचा अनुभव. जानेवारीचा दुसरा आठवडा, दुपारची सुटी. नाव त्यांच्या इच्छेवरून दिलेलं नाही.' मी त्याला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, "आई नाही सर. आईला विचारलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, घरचीच साक्ष. तिच्या शेजारी बसते ती."